दोन्ही हातांची नाडी

2 जुलै
चार दिवस लेकीचं डोकं ठणकतंय. आज कॉलेजातून येताना डोळ्यांपुढं अंधारी आली, म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. बीपी 210/120. वय 20. गेल्या वर्षीही बीपी जास्त आलं होतं. एका डॉक्टरांनी परीक्षेचं टेन्शन म्हटलं, आम्हीही तेच धरून बसलो. रात्रीच दाखल केलं.

3 जुलै
मोठ्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि तिची दोन्ही मनगटं एकदम धरली. उजवी नाडी लागली, डावी काही केल्या लागेना. बीपी उजव्या हातात 204, डाव्यात 150. मग बेंबीच्या वर, जरा बाजूला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिले. अरुंद धमनीतून रक्त जाताना फूत्कारासारखा आवाज येतो म्हणे.
"वेणी घालताना डावा हात भरून येतो का गं?"
"हो. मधेच खाली घ्यावा लागतो."
तो खाली घेतलेला हात मी कित्येक महिने बघतेय. "आटप की लवकर," म्हणायची मी. आज घशाशी आलं.

5 जुलै
सीटी अँजिओग्राफी झाली. आजाराचं नाव टाकायासू आर्टरायटिस. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येते, भिंती जाड होतात, रक्ताची वाट अरुंद होते. हिच्या डाव्या हाताची आणि उजव्या किडनीची धमनी आवळलीय.
धाकटे दीर ऊसवाले, त्यांना लगेच उमगलं. पाईप मधेच चेपला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. तिथला माणूस ओरडतो, मोटरीचा दाब वाढवा. किडनीचंही तसंच. रक्त कमी आलं की ती रेनिन सोडते आणि साऱ्या शरीराचं बीपी चढतं.

8 जुलै
मिकितो टाकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. 1908 मध्ये त्यांनी एका तरुणीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण मांडली. आजार बहुतेक तरुण बायकांना होतो. आपल्याकडं पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, म्हणून बीपी हीच मोठी खूण.
स्टेरॉइड सुरू झालंय. मनानं एकदम बंद करायचं नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. कालनिर्णयवर दर सोमवारी लाल गोल केलाय. फुग्यानं धमनी रुंद करायचं सूज उतरल्यावर बघू म्हणाले. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

27 जुलै
पाऊस थांबत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. सगळं कोल्हापूर सकाळी पाण्याचा आकडा विचारतं. आमच्या घरात आता दुसराही आकडा विचारला जातो. आज 138/86. मोजायचं उजव्याच हातावर, डावा हात खोटं सांगतो.
हे पान मी इतर आयांसाठी लिहितेय. तरण्या पोरीचं बीपी जास्त आलं, तर टेन्शन म्हणून सोडू नका. डॉक्टरांना सांगा, दोन्ही हातांचं बीपी मोजा, दोन्ही नाड्या बघा. त्याला दोन मिनिटं लागतात. आमचं एक वर्ष गेलं.