नवतप्यातला पाहुणा

प्रिय भाचेबाई,



परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, मे महिन्यात मी आणि आबा येतोय." फोन स्पीकरवर होता. आजीनं लगेच मामीला गादीची खोळ बदलायला सांगितली. आबा म्हणजे तुझ्या बाराव्या वाढदिवसाला घरी आलेला दाढीवाला ऑस्ट्रेलियन सरडा, बिअर्डेड ड्रॅगन, हे तिला समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. शेवटी ती म्हणाली, "पाहुणा आहे ना? मग पाहुण्यासारखं करू."

तुझा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला होता. आबाला ऊन लागतं. पुण्यात त्याच्यासाठी दिवसभर दिवा जाळावा लागतो. आमच्या चंद्रपुरात मेअखेरीला तापणारा नवतपा, म्हणजे ऊन फुकट. पण "हो, आण" म्हणायच्या आधी मी दोन कामं केली. चार संध्याकाळी त्याच्याविषयी वाचलं आणि आठ सकाळी आपल्या परसातला सरडा बघितला. तुझा आबा आणि हा, दोघं एकाच कुळातले, अ‍ॅगॅमिडी.

हा आपला सरडा साडेसातच्या सुमारास तारेच्या कुंपणावर येतो. अंग चपटं करून पाठ उन्हाकडे वळवतो, तेव्हा काळपट दिसतो. तापला की रंग उजळतो. नऊ वाजता खांबाच्या सावलीच्या बाजूला सरकतो, अकराच्या आत कडुनिंबात दिसेनासा होतो, तो थेट पाचला परत. सध्या त्याचा गळा लालभडक आहे. समोरच्या खांबावर दुसरा नर दिसला की पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वर-खाली होतो. लहानपणी हा लाल गळा पाहून "तो दुरून आपलं रक्त पितो" असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि दगड मारायचो. आता लाज वाटते.

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत" असं आपण हिणवून म्हणतो. पण त्या कुंपणावर त्याला काय मिळत नाही? ऊन, सावली, मुंग्या, भांडायला शेजारी आणि पळायला झाड. सरड्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. दिवसभर जागा बदलत तो ती जुळवतो. आबाची धाव काचेपर्यंतच आहे. म्हणून त्या काचेच्या आत ऊन आणि सावली दोन्ही ठेवणं तुझं काम. पेटीच्या एका टोकाला, दिव्याखाली, ३८ ते ४२ अंश हवेत आणि दुसऱ्या टोकाला पंचविसाच्या आसपास. तोंड उघडं ठेवून बसला तर तो अंगातली उष्णता बाहेर टाकतोय. तेव्हा त्याला सरकायला गार कोपरा हवाच.

आता आमच्याकडचा हिशेब बघ. बातम्यांत येतो तो ४६ चा आकडा सावलीतला असतो. त्या दिवसात गच्चीवर काचेची पेटी ठेवली तर ती भट्टी होईल आणि आबा काही मिनिटांत जाईल. उन्हाळ्यात आमच्या घरात गरम कोपरे पुष्कळ, गार कोपरा मात्र शोधावा लागतो. कूलरसमोर ठेवावं तर ती हवा ओलसर, आणि तो कोरड्या प्रदेशातला प्राणी. सततच्या ओलाव्यानं त्याच्या फुप्फुसांना त्रास होतो. म्हणून मी मधली खोली ठरवली आहे. तिची भिंत मातीची आणि जाड आहे, कूलरचा झोत तिथे थेट येत नाही.

खिडकीतलं ऊनही त्याला पुरत नाही. आपल्याला ते उन्हासारखंच दिसतं, पण त्यातले यूव्हीबी किरण काच अडवते. ते नाहीत तर अंगात ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम मुरत नाही, जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून सकाळी आठच्या आत अर्धी सावली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात त्याला अंगणात ठेवू. शेजारी तू बसायचं. आमच्याकडे मांजरीही आहेत आणि शिक्राही.

एक गंमत सांगतो, तुझ्या वर्गात सांग. ऑस्ट्रेलिया आणि भारत एके काळी ज्या महाखंडात जोडलेले होते त्याला गोंडवन म्हणतात. १८८५ साली एदुआर्द स्युस या ऑस्ट्रियन भूगर्भशास्त्रज्ञानं ते नाव रूढ केलं, आणि ते घेतलं आपल्या गोंडांच्या मुलखावरून. ज्या गोंड राजांचा परकोट तू दरवर्षी रिक्षातून बघतेस, त्यांचाच हा मुलूख. शिवाय बल्लारशाहून रेल्वेनं तेलंगणात शिरलं की आसिफाबादकडे रेब्बना लागतं. त्या भागातल्या ज्युरासिक खडकांत एका सरड्याचे जबडे सापडले. २००२ साली त्याचं नाव ठेवलं 'भारतगामा रेब्बनेन्सिस'. त्याचे दात जबड्याच्या काठावरच जडलेले होते, आबासारखे. असे दात पडले तर पुन्हा येत नाहीत. म्हणून नुसता मऊ घास नको. हिरवा पाला, किसलेला भोपळा, कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे चालतील. पालक रोज नको, घरातली झुरळं तर अजिबात नकोत.

पण इतकं जवळचं नातं असलं तरी त्याला या रानाची ओळख नाही. पावसाच्या तोंडावर आमच्या बांधावर काजवे लुकलुकतात. ते बघून तुला वाटेल, एखादा आबाला द्यावा. देऊ नकोस. अमेरिकेत काजवे खाऊन हे पाळीव ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. त्या काजव्यांच्या अंगात हृदयावर घाव घालणारं विष असतं. समोर हललं ते आबा खातो. खाऊ नये ते कोणतं, हे शिकायला त्याला रान मिळालेलंच नाही. ऑस्ट्रेलिया कित्येक दशकं आपल्या रानप्राण्यांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही. जगभर विकले जातात ते पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पिल्लं. म्हणून "नको झाला तर ताडोब्यात सोडू" असा विचार कधी मनात आणू नकोस. तिथे तो उपाशी मरेल, नाहीतर कुणाचा तरी घास होईल.

या वेळी तुला हेमलकशाला नेणार आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे, भामरागडच्या रानात, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, सगळा चंद्रपूरच. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे तिथे माडिया लोकांसाठी दवाखाना चालवू लागले. एकदा शिकारी मारलेली माकडीण घेऊन जाताना दिसले. तिच्या छातीला पिल्लू चिकटलेलं होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं, आणि तिथून त्यांचं प्राण्यांचं गोकुळ सुरू झालं. पुढे अस्वलं आली, बिबटे आले, साप आले. विलास मनोहरांचं 'नेगल' तिथल्याच बिबट्यावर आहे. वाचून ये.

तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात घे. त्या घरात प्राणी आले कारण त्यांना दुसरी जागा उरली नव्हती. आपल्या घरात आबा आला तो हौसेनं. मला विचारलं असतंस तर मी नको म्हणालो असतो. पण आता तो आलाच आहे, आणि त्यालाही दुसरी जागा नाही. तेव्हा हौसेचं पुढे काय करायचं ते तिथे बघून घे. हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो. तू कॉलेजला जाशील तेव्हाही त्याचा दिवा कुणीतरी लावायचा आहे.

राहिल्या घरच्या अटी. अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघरात आणायची नाहीत. आजी ऐंशीची आहे आणि घरातलं बाळ रांगतंय. तुझ्या बाबांना म्हणावं, खरेदीचं बिल आणि कागद सोबत ठेवा. आणि येताना थर्मामीटर दोन आण, एक उन्हाच्या टोकाला लावायला, एक सावलीच्या. बाकी ऊन आमच्याकडे आहेच.

तुझा,
मामा