अंगठाबहाद्दर

विमानप्रवास म्हटला की कुणाच्या डोळ्यांपुढे ढग उभे राहतात, तर कुणाच्या हवाईसुंदरी. माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या रांगा! गेल्या वर्षी इंग्लंडातल्या धाकट्या काकांच्या मुलीचे बारसे होते, म्हणून शहात्तर वर्षांच्या आजीला घेऊन मी निघालो. घरात काका सोडले तर विमानात पाऊल ठेवणारे आम्ही दोघेच.

आजीविषयी थोडे सांगायला हवे. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. १९७८ च्या गांधीजयंतीला प्रौढशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे आमच्या गावच्या देवळातही रात्रीचा वर्ग भरू लागला. दिवसभर चिखलात भातलावणी करून आजी कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसे. तीन महिन्यांत ती सही करायला शिकली. सोसायटीच्या कारकुनाने सवयीने शाईचे पॅड पुढे केले, तेव्हा ते बाजूला सारून म्हणाली, "पेन द्या!" हा किस्सा आमच्याकडे अजून सणासुदीला रंगवून सांगितला जातो.

आणि आता व्हिसाच्या कचेरीत तिच्यापुढे काच आली. दहाही बोटांचे ठसे हवेत!

"मला सही येते," आजी म्हणाली.

"सही नको आजी, बोटे ठेवा."

बोटे ठेवली. यंत्राला ती मान्य होईनात. पुसून ठेवली, दाबून ठेवली. राखेने भांडी घासून आणि चिखल उपसून झिजलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. अर्ध्या तासाने कसेबसे जमले. आजी बाहेर येऊन एवढेच म्हणाली, "चाळीस वर्षांपूर्वी सोडलेला अंगठा पुन्हा द्यायला लावला की रे!"

प्रवासाच्या दिवशी विमानतळावर आधी ओटीची खोबऱ्याची वाटी गेली. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून विमानवाहतुकीत तो धोक्याचा माल. मग बाळाच्या मालिशसाठी घरी काढलेल्या तेलाची बाटली गेली. द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट २००६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात उघडकीस आला. त्यानंतर जवळच्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेण्यास बंदी आली. नियमांना कारणे आहेत, हे मी नाकारीत नाही. पण ती सांगायला तिथे कोण बसले आहे? बाटली टोपलीत पडली आणि "पुढे चला!" एवढेच कानी आले. कारण मी नंतर वाचून काढले. आजीला वाटत राहिले की आपण काही चोरून नेत होतो.

आखातात विमान बदलायचे होते. पहिले उशिरा पोहोचले. आजीसाठी सांगितलेली चाकांची खुर्ची आली नाही. दरवाजाचा क्रमांक बदलला होता. तो फळ्यावर होता, कुणी पुकारला नाही. आम्ही धापा टाकीत पोहोचलो तेव्हा दार बंद! खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता पुढच्या विमानाचा कागद दिला. चौदा तासांनी. म्हणजे बारसे बुडाले.

आजी रडली नाही. पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसून राहिली. मध्यरात्री फरशी पुसणारा एक तरुण तिच्या लुगड्याकडे पाहून थांबला. "याव ऊरु, अज्जी?" त्याने कन्नडमधून विचारले. आजीचा चेहरा उजळला! तो गदगकडचा. त्याने कुठूनसे गरम पाणी आणून दिले, आजीने डिंकाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. एवढ्या अवाढव्य विमानतळावर गाव विचारणारा तो एकटाच. बाकी सगळ्यांनी कागद मागितले.

इंग्लंडच्या दारात पुन्हा तीच काच. पुन्हा तांबडा दिवा. अधिकारी सौजन्याने वागत होता, पण यंत्रापुढे त्याचाही इलाज नव्हता.

"काय म्हणूलालाय रे तो?"

"तुझी बोटे सापडेनात म्हणतोय."

आजीने तळहात उलटसुलट करून पाहिले. "सापडतील कशी? ती शेतातच राहिली की."

मी ते त्याला जमेल तसे इंग्रजीत सांगितले. त्याने प्रथमच यंत्रावरची नजर काढून आजीच्या हातांकडे पाहिले. वरिष्ठाला बोलावले, दोघे काही बोलले आणि शिक्का बसला.

आजीच्या पासपोर्टावर तिची सही आहे. अक्षरे सुटी सुटी, वेलांटी थोडी वर गेलेली. जातायेता तो पासपोर्ट किती जणांनी उघडला, याची मोजदाद नाही. त्या सहीकडे कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही.