थ्रॉटल सोडला तिथेच चुकलं

मार्वेच्या खाडीत मी चालवत असलेली जेटबोट एका कोळी कुटुंबाच्या होडीवर आदळली. कुणाला लागलं नाही, पण होडीची कड फुटली आणि ऐन हंगामात त्यांची रोजी बुडाली. बोटीत बिघाड नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती.

या बोटींचं मला वेड होतं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तिथल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी त्या विकसित केल्या. १९७७ साली एडमंड हिलरी अशाच बोटी घेऊन गंगासागरहून प्रवाहाविरुद्ध निघाले आणि नंदप्रयागपर्यंत पोचले. बाहेर पंखा नाही, म्हणजे ही बोट कुठेही जाईल, अशी मी समजूत करून घेतली.

तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, इम्पेलर, म्हणजे आतला पंखा, ते मागच्या नळीतून जोरात फेकतो. ती धार डावी-उजवीकडे वळवली की बोट वळते. वेगळं सुकाणू नसतं. म्हणून थ्रॉटल सोडला की धार मंदावते आणि बोट वळवण्याची ताकदच जाते. हे मला शिकवलेलं होतं. पण जन्मभर स्कूटर चालवलेला हात घाबरला की आधी रेस सोडतो. वळणावर होडी दिसली, मी थ्रॉटल सोडला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. बोट सरळच गेली.

नुकसान भरून दिलं, बुडालेले दिवस देता आले नाहीत. होडीवरचे काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरा, खाडीत शिरतानाच हळू व्हायचं. होडी दिसल्यावर नाही."

दुसरी चूक त्यानंतरची. ओहोटीला मनोरीकडून येताना इंजिन नुसतंच ओरडू लागलं, बोट पुढे सरकेना. तेव्हाच बंद करायला हवं होतं. मी आणखी रेस दिली. शेवटी गाळात रुतलो. जाळीत हात घातला तर नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आणि दुधाच्या पिशव्या घट्ट पिळून बसल्या होत्या. हॅमिल्टन यांच्या नद्यांत गोटे होते, आपल्या खाडीत प्लास्टिक आहे, हा फरक मी लक्षातच घेतला नव्हता.

मढ, मार्वे, गोराईला अशी बोट हाती घेणार असाल, तर आधी मोकळ्या, खोल पाण्यात जा. वेग घ्या, थ्रॉटल सोडा आणि वळवून पाहा. बोट किती लांब सरळ जाते ते स्वतः बघा, मगच खाडीत शिरा.