चौतीस जणांचे बिऱ्हाड

दादांच्या गाडीला म्हातारपण आले, ते आधी तिच्या बॅटरीच्या काट्यात दिसले. बडनेरा सोडताना वर असलेला काटा दोन-चार मिनिटांत तळाला बसायचा आणि तितक्याच घाईने पुन्हा वर जायचा. घटकेत हसणाऱ्या, घटकेत रडणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे सौ. आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. बोरगाव मंजूच्या अलीकडे तांबडा त्रिकोण पेटला.

गाडी २०१४ सालची, हायब्रिड. दादा गेल्यावर वहिनींनी ती आम्हांला दिली. महिन्यातून एकदा आम्ही अकोल्याहून त्यांना अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणतो. रस्ता उत्तम आहे; याच मार्गावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर घालून जागतिक विक्रम झाला. पण विक्रमी रस्त्यावर बंद पडलेली गाडीही बंदच असते! आणि मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, सत्तरी ओलांडलेल्या वहिनींना घेऊन कुठे उभे राहायचे?

साध्या गाडीची बॅटरी उतरली तर चार माणसे धक्का मारतात. इथे ती सोय नाही. इंजिन सुरू करण्याचे कामही ह्याच मोठ्या बॅटरीच्या जोरावर होते. वेगळा स्टार्टर नाही. टाकी पेट्रोलने भरलेली असो, बॅटरी गेली की गाडी जागची हलत नाही.

कंपनीच्या गॅरेजात गेलो. ‘आख्खी बदला,’ म्हणाले. आकडा सहा अंकी होता. मी पाणी मागितले.

मग अमरावतीतलाच एक मिस्त्री गाठला. त्याने रबरी हातमोजे चढवले, मुख्य खटका काढला आणि दहा मिनिटे स्वस्थ बसून राहिला. “आत अडीचशे व्होल्टाजवळ वीज आहे जी. ती निवाली की हात लावू.” झाकण उघडले, तर आत चौतीस चपटी खोकी एका ओळीत, प्रत्येक ७.२ व्होल्टांचे. एकेकाला दिवा जोडून त्याने मोजमाप घेतले. तीन खोकी दिवा लावताच बसली. तिन्ही मधली, मध्ये उष्णता जास्त कोंडते.

“तीनच नवी टाका ना,” मी म्हणालो.

“नव्याचं आन् जुन्याचं जमत नाही जी.”

त्याचे म्हणणे खरे होते. सगळी खोकी एकापुढे एक जोडलेली, सगळ्यांतून वीज सारखीच वाहते. म्हातारे लवकर भरते, लवकर रिकामे होते. तरुण मागे रेंगाळते, आणि ही तफावत दिसली की त्रिकोण पुन्हा पेटतो. म्हणून जुन्यांच्याच ताकदीची जुनी खोकी शोधून बसवावी लागतात. शिवाय सगळ्यांना हळूहळू भरून, रिकामे करून, पुन्हा भरून थोडे तरतरीत करता येते. “तीन बदलून देतो जी, पण चौथा कवा बसन ते नाही सांगू शकत.” गावातल्या गावात फिरणाऱ्याला हा सौदा वाईट नाही. आमचा शंभर किलोमीटरांचा पल्ला, तेव्हा मी तो टाळला. गाडी विकून टाकावी हाही विचार आला, पण तो वहिनींपुढे मांडायचा कसा?

तेवढ्यात मिस्त्रीने मागच्या सीटशेजारची जाळी काढली. बॅटरीला गार हवा पुरवणारा पंखा तिथूनच श्वास घेतो. जाळीवर पांढऱ्या-तांबूस केसांचा नमद्यासारखा थर होता.

“कुत्रं होतं का जी?”

आमच्याकडे कधीच नव्हते. मोत्या दादांचा. मागच्या सीटवर बसून तो दादांबरोबर अकोलाभर हिंडायचा. दादांच्या आधी वर्षभर तो गेला.

पुढच्या फेरीला आम्ही एसटीने गेलो. भीतभीत वहिनींना सगळे सांगितले, विकण्याचेही बोललो. त्यांनी केसांचेच पुन्हा विचारले. “तुमच्या भावाला मी किती सांगितलं, त्याला खाली बसवा म्हणून!” आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, “विकायची असेल तर विका, भाऊजी. माझ्यासाठी ठेवू नका.”

आम्ही नवी बॅटरी घातली. जुनी कंपनीने परत घेतली. पैशांची ओढाताण झाली. यंदा घराला रंग नाही.

परवा वहिनींना आणले. मागच्या सीटवर बसताना त्यांनी आपली पिशवी जाळीपाशी ठेवली, पुन्हा उचलून मांडीवर घेतली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत एक हात त्या जाळीवरच होता.