तांब्या, फुलपात्र आणि लातूर

जपानी मांडणीत भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याही ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मीठ वर मधोमध. पण लातूरला मावशीकडे जेवायला बसले की माझी नजर ताटाबाहेर जाते. तिथे पितळी तांब्या असतो, शेजारी इवलंसं फुलपात्र. पूर्वी ती स्टीलचे उंच ग्लास काठोकाठ भरून ठेवायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर घेऊन. तेव्हापासून ग्लास फडताळात गेले. “लागेल तेवढं ओतून घे गं,” म्हणते. पाहुण्याला भरलेला पेला न देणं हा आता तिच्याकडे अपमान नाही! तुमच्या पुढच्या पार्टीनंतर अर्धे सोडलेले ग्लास जरा मोजा.