पाठचे भावंड

घरात पाठच्या भावंडाची जी गत होते, तीच पाठोपाठ निघालेल्या चित्रपटाची होते, असे माझे फार दिवसांचे निरीक्षण आहे. थोरल्याचे आखूड झालेले सदरे धाकट्याने घालावेत, थोरल्याची फाटकी पुस्तके वाचावीत, आणि वर पुन्हा "थोरला या वयात असा नव्हता हो!" हे पाहुण्यांदेखत ऐकून घ्यावे. बरे, धाकट्याने चुकून पहिला नंबर काढलाच, तर लोक म्हणणार, घराचे वळणच तसे आहे!

रेमो डिसूझा यांचा 'एबीसीडी' हा नाचाचा चित्रपट २०१३ च्या फेब्रुवारीत आला. आमच्या परभणीच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाचे सगळे रूपच त्याने पालटून टाकले. नाट्यछटा आणि एकपात्री प्रयोग मागे पडले. दर दोन प्रवेशांमागे एक ग्रुप डान्स येऊ लागला. संमेलनाची समिती वर्षानुवर्षे माझ्याच गळ्यात असल्यामुळे हे स्थित्यंतर मी अगदी विंगेतून पाहिले आहे. पुढे २०१५ च्या जूनमध्ये, ऐन पेरणीच्या घाईत, 'एबीसीडी २' आला आणि गावात मतांचा पाऊस सुरू झाला.

आमच्या शेजारच्या काकांची तक्रार सर्वांत गंभीर होती. "अहो, तो पोरगा पहिल्या भागात मेला होता की! इथं उठून नाचायलाय कसा?" तो पोरगा म्हणजे पुनीत पाठक. पहिल्या चित्रपटात त्याचा चंदू मरतो. दुसऱ्यात तो वेगळ्याच नावाने टुणटुणीत हजर आहे. प्रभुदेवा मात्र दोन्हीकडे विष्णूच; पण दुसऱ्यातल्या विष्णूला पहिल्यातले काही आठवत असल्याची खूण नाही. तेव्हा याला पाठचे भावंड म्हणावे, की त्याच चेहऱ्यामोहऱ्याचे दुसऱ्या घरातले मूल म्हणावे, हे काकांना अजून उमगलेले नाही.

सासूबाईंना हा वादच मान्य नव्हता. "नाच म्हणजे गोपीकृष्णाचा," असे त्यांनी एका वाक्यात निकालात काढले. 'झनक झनक पायल बाजे' १९५५ चा. सासूबाईंनी तो पुष्कळ वर्षांनी, कधीतरी फिरून लागला तेव्हा पाहिला. परंतु त्यावरून पुढची पन्नास वर्षे मोजायला तेवढे पाहणे त्यांना पुरले. पुतण्या तेव्हा दहावीत होता. तो म्हणाला, "आजी, तुझा हीरो उलटा उभा राहून डोक्यावर गरगर फिरतो का?" सासूबाईंनी शांतपणे विचारले, "का बरं? पाय मोडले होते का त्याचे?"

चित्रपट काही पडला नाही. शंभर कोटींच्या वर त्याने गल्ला जमवला. पण गल्ला निराळा आणि मान निराळा. पाहून आलेले लोकही जरा ओशाळून सांगत : नाच बरे आहेत, गोष्टीत दम नाही, पहिल्याची सर नाही. आपल्याकडे अनंत माने यांच्या बाबतीतही थोडेसे असेच घडले आहे. १९५९ चा त्यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. पुढे १९६४ साली त्यांनीच, जयश्री गडकरांनाच घेऊन, वसंत पवारांच्याच संगीतावर 'सवाल माझा ऐका' काढला. दुसरा पहिल्याचा उत्तरार्ध नव्हे, आणि लोकप्रियतेतही तो काही कमी पडला नाही. त्यातल्या सुलोचना चव्हाणांच्या लावण्या आजही घरोघर ठाऊक आहेत. तरीही जुने रसिक बोलायला बसले की आकडा १३१ चाच निघतो.

आता माझे मत. 'एबीसीडी २' अडीच तासांचा आहे, तो दोन तासांत सहज आटोपला असता. त्यातले प्रेम पातळ आहे. पण त्याचा पहिला अर्धा तास मला पहिल्या संपूर्ण चित्रपटापेक्षा मोलाचा वाटतो. त्यात मुंबईच्या मुलांचा एक चमू स्पर्धेत नाचतो, आणि परीक्षक सांगतात, तुमचा नाच परदेशी चमूवरून उचललेला आहे. चमू बाद होतो. ही पोरे मग चोर म्हणून ओळखली जातात. जिथे जातील तिथे हसे होते. पहिल्या चित्रपटात जिंकण्याची ईर्षा आहे. इथे गेलेली अब्रू परत मिळवायची आहे. मध्यमवर्गीय माणसाला यांतले कोणते दुःख अधिक कळावे? पण आम्ही नाचाच्या चित्रपटात दुःख शोधत नाही, त्यामुळे ते नजरेतून सुटले.

सर्वांच्याच नजरेतून नव्हे. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एस.टी.ने येणारा एक मुलगा तेव्हा माझ्या वर्गात होता. त्याच्या गावात नाचाचा क्लास कुठला असायला! मित्राच्या मोबाईलवर पाहायचे आणि खळ्यात जाऊन करायचे, हे त्याचे शिक्षण. बाहेरगावच्या एका स्पर्धेत त्याच्या नाचानंतर परीक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, की हे सगळे चोरलेले आहे, स्वतःचे काही असेल तर दाखवा. सभागृह हसले. परतीच्या गाडीत पोरगा खिडकीकडे तोंड करून बसला तो परभणीपर्यंत. 'एबीसीडी २' पाहून आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, लोक काही म्हणू द्या, पहिला पिक्चर जिंकणाऱ्यांचा हाय. हा आमचा हाय."

त्याच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. गोपीकृष्णांचे आजोबा पंडित सुखदेव महाराज, मावशी सितारादेवी. त्यांच्या घरात नाच स्वयंपाकासारखा रोजचा होता. प्रभुदेवाचे वडील नृत्यदिग्दर्शक. संध्याबाई मुळात नर्तकी नव्हत्या, पण त्यांना शिकवायला खुद्द गोपीकृष्ण होते. आमच्या भागात कीर्तनकार कसा तयार होतो? पोरगा टाळ घेऊन बुवांच्या मागे उभा राहतो, आणि चार-सहा वर्षांत बुवांचा आवाज, हातवारे, अगदी खोकणेसुद्धा उचलतो. त्याला आपण तालीम म्हणतो. गुरू समोर असला की तालीम, आणि मोबाईलमध्ये असला की चोरी! खुद्द रेमो डिसूझा मायकेल जॅक्सनचे नाच पडद्यावर पाहून पाहून शिकलेले. अर्थात बुवांचा शिष्य बुवांचे नाव घेतो, आणि मोबाईलवर शिकलेल्याने ते घ्यायचे राहून जाते. दोष असला तर तिथे आहे. हा प्रश्न चित्रपटाने उभा केला आणि तो सोडवण्याऐवजी सगळ्यांना घेऊन लास व्हेगासला गेला, ही माझी त्याच्याबद्दलची खरी तक्रार.

ही गोष्ट बेतलेली होती नालासोपारा-वसईकडच्या सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांच्या चमूवर. चित्रपट लागला त्याच वर्षी सुरेश मुकुंद यांचा 'किंग्ज युनायटेड' जागतिक हिप-हॉप स्पर्धेत तिसरा आला. २०१९ साली अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या दूरदर्शन-स्पर्धेत त्यांनी दहा लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले. ती चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या काकांपर्यंत पोहोचली. काकांनी ती तीनदा पाहिली, आणि मग म्हणाले, "याच्यावर पिक्चर काढायला पाहिजे." निघून गेलाय, काका, असे पुतण्याने सांगितले. "कोणता?" "तोच, मेलेला उठून नाचतो तो." काका थोडा वेळ गप्प बसले. सासूबाईंनीही ती फीत चष्मा लावून पाहिली, "पडतील रे कुणी!" एवढेच म्हणाल्या, पण मोबाईल लवकर परत दिला नाही.

जिंतूरकडचा तो मुलगा आता परभणीतच असतो. दिवसा मोबाईल-दुरुस्तीचे दुकान, संध्याकाळी एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर पंधरा-वीस मुलांचा क्लास. मागल्या महिन्यात मी सहज डोकावले. आधी तो मुलांना मोबाईलवर एक नाच दाखवतो, तो कुणी बसवला त्याचे नाव प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतो, मग मोबाईल खिशात टाकतो आणि म्हणतो, "हं, आता तुमचं करा." मुले पाढे म्हटल्यासारखी नावे घेतात, उच्चारांची पुरती दैना होते. मी त्यांना विचारले, तुम्हांला पहिला 'एबीसीडी' आवडतो की दुसरा? ती माझ्याकडे पाहतच राहिली. त्यांच्यापैकी एकानेही दोन्ही पाहिलेले नव्हते.