उंच काठी आणि ठेंगणी तार

ज्याचे बालपण सोलापुरात गेले, त्याला उंच काठीचा मोह पडला नाही तरच नवल! संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघत, तेव्हा मान दुखेपर्यंत वर पाहावयाचे, हा आमचा दरसालचा आनंद. पुढे हौशी रेडिओचा परवाना हाती आला आणि चाळीस मीटर लांबीच्या लहरींसाठी एरियल निवडण्याची वेळ आली, तेव्हा माझ्या वतीने त्या मोहानेच निवड केली. गच्चीवर मी दहा मीटर उंचीची काठी उभी केली.

शास्त्र माझ्या बाजूचे होते. लहरीच्या चतुर्थांशाएवढी उभी काठी, पायथ्याशी तारांचे जाळे पसरले म्हणजे, आपली बरीचशी शक्ती क्षितिजाकडे फेकते. आणि लहर जितकी क्षितिजालगत निघेल तितकी ती दूर जाऊन पडते. शेजारच्या यंत्रमागांची खरखरही ती काठी इमानाने गोळा करी. पण माग थांबले की युरोपातील मोर्सची टिकटिक कानी येई, आणि मी स्वतःला मोठा भाग्यवान समजे.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंतचतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गाव झोपले. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास घर हादरले. येथून ऐंशीएक किलोमीटरवरील किल्लारीचे नाव तेव्हा माझ्या गावीही नव्हते. मी धावत यंत्रापाशी बसलो. युरोपातील दोघे गृहस्थ निवांतपणे हवापाण्याची विचारपूस करीत होते. जवळपासच्या मित्रांपैकी मात्र कोणीही ऐकू येईना. पुण्याचा एक स्नेही त्याच वेळी, त्याच लहरीवर मला हाका मारीत होता, हे पुढे कळले.

कारण साधे होते. जवळच्या गावी पोहोचावयाचे तर लहरीने जवळजवळ सरळ वर जाऊन आकाशातील विद्युत्भारित थरावरून परतावयास हवे. उत्तररात्री तो थर विरळ होतो. सात मेगाहर्ट्झची उभी चढणारी लहर त्याला भेदून निघून जाते, तिरपी तेवढी परतते. त्या वेळी जवळच्यांसाठी साडेतीन मेगाहर्ट्झची, म्हणजे ऐंशी मीटरांच्या आसपासची लहर हवी, आणि ती वर फेकणारी आडवी तार हवी. लहरीच्या अर्ध्याएवढी, चाळीस मीटर लांब तार मधोमध तोडून दोहोंकडे ताणावी. ती आठच मीटर उंचीवर असली तर दूरच्या संभाषणाला कुचकामी ठरते. पण तिने वर उधळलेले तीन-चारशे किलोमीटरांच्या परिघात पावसासारखे खाली येते.

माझी गच्ची एवढी लांब कोठली? तारेचे एक टोक शेजारच्या विणकराच्या गच्चीवर बांधणे भाग होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. त्यांनी सारे ऐकून घेतले व विचारले, "यावर सुताच्या लडी वाळत घातल्या तर चालतील ना?" मी नकारार्थी मान हलवली. "मग असली दोरी काय कामाची!" असे म्हणत त्यांनीच खुंटी ठोकून दिली.

त्या तारेवरून पहिल्याच पहाटे पुण्याचा स्नेही शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलला. काठी मी अजून उतरवलेली नाही. नंदीध्वजांची ओढ का कधी सुटते? पण रात्री-अपरात्री झोपमोड झाली की हात प्रथम वळतो तो त्या ठेंगण्या तारेकडे.